सात नव्वे त्रेसष्ट

रामटेके बाईंना नुसतं उत्तर सांगितलेलं खपत नसे. ‘आठ आणि सात?’ असं त्यांनी विचारावं, कुणी तरी चटकन ‘पंधरा’ म्हणावं आणि आता शाबासकी मिळणार म्हणून वर्गानं त्यांच्याकडे बघावं, तर बाई कपाळाला आठ्या घालून म्हणत, “पंधरा मले माहीत आहे. तू कोन्या रस्त्यानं गेला थे सांग.” हिंदीवाल्या मुलाला हेच हिंदीत. एका नव्या मुलानं खरोखरच घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता सांगितला होता. पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, मग विटांचा ढीग, मग कुत्रं बसतं ते झाड. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “इतना लंबा रास्ता बता दिया, तो आठ से पंद्रह तक का भी बता देगा. वह तो बाजू में है.”

आठापासून पंधरापर्यंतचा त्यांचा आवडता रस्ता दहावरून जाई. “आठ उपाशी आहे. सातातले दोन त्याले दे. आठाचं पोट भरलं, दहा झाले. आता तुझ्यापाशी उरले किती?” उरले पाच, म्हणून पंधरा. मुलगा बोटं मोजू लागला तर त्या त्याची बोटं धरून बाजूला करत नसत. “मोज, मोज. पण बोटं दहाच आहेत. अकरावं लागलं तं काय माह्यापाशी मागशीन?” असं म्हणून पुढच्या बाकाकडे जात.

ही भिलाईची गोष्ट आहे आणि तेव्हा भिलाई बांधली जात होती. कारखान्याची पहिली भट्टी नुकती पेटली होती. सेक्टर दोनमध्ये काही रांगांत माणसं राहायला आली होती आणि काही रांगांना अजून दारं बसायची होती. शाळाही तशीच. दोन खोल्यांना फरशी होती, बाकीच्यांत मुरूम. वर्गात पंजाबी, बंगाली, तेलुगू, ओडिया, छत्तीसगढी आणि आम्ही विदर्भातले, अशी सगळी पोरं होती. शिकवणं मात्र हिंदीत. बाईंचं स्वतःचं हिंदी फार चांगलं नव्हतं. ‘मेरा छत्री कहाँ गया’ असं त्या सर्रास म्हणत आणि पोरं हसली की म्हणत, “तुम लोग मेरी हिंदी सुधारो, मैं तुम्हारा गणित सुधारती हूँ. देखते हैं किसका पहले होता है.” माझ्या माहितीप्रमाणे त्यांची हिंदी शेवटपर्यंत सुधारली नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते शाळेत नाव घालताना. माझे वडील कारखान्यात खलाशी होते. क्रेननं उचलायच्या लोखंडी तुळयांना साखळदंड बांधून द्यायचे. आई त्याच बांधकामावर रेजा होती, गारा-विटा वाहायची. त्यांच्या मागून मी भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आले तेव्हा गावच्या मराठी शाळेत तिसरी पास झाले होते. इथे चौथीत बसायचं तर मुख्याध्यापक तोंडी परीक्षा घेणार होते. त्यांना सगळे बडे गुरुजी म्हणत. जबलपूरकडचे होते, बोलायला सौम्य, आणि कोटाच्या खिशात नेहमी खडूचा तुकडा ठेवत. वडील कामाचे कपडे घालूनच दाराशी उभे होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक उंच, सडपातळ बाई नवीन मुलांची नावं लिहीत बसल्या होत्या. त्याच रामटेके बाई.

बडे गुरुजींनी विचारलं, “सात और नब्बे, कितने हुए?”

मी म्हटलं, “त्रेसष्ट.”

ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग जरा सावकाश म्हणाले, “अच्छा, पाँच और नब्बे?”

“पंचेचाळीस.”

“अरे बिटिया, नब्बे! नब्बे!”

मला वाटलं, आता प्रश्न बदलला. मी म्हणून टाकलं, “एक्क्याऐंशी.”

कोपऱ्यातल्या बाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसायला लागल्या. ते हसू मला काही केल्या समजेना, कारण माझी तिन्ही उत्तरं बरोबर होती. आमच्या पाढ्यात सात नव्वे त्रेसष्टच होतात आणि पाच नव्वे पंचेचाळीस. आणि त्यांनी एकामागून एक दोनदा ‘नव्वे’ म्हटलं म्हणून मी नऊ नव्वे केले होते. ‘और’चा अर्थ मला ठाऊक नव्हता. बडे गुरुजींच्या हिंदीत नब्बे म्हणजे नव्वद हे तर मला स्वप्नातही सुचलं नसतं.

बाई उठून पुढे आल्या. “गुरुजी, लड़की का जवाब सही है. आपका सवाल उसके पास मराठी में पहुँचा.” मग त्यांनी नव्वेचा घोळ उलगडून सांगितला. बडे गुरुजीही हसले. पण हसून झाल्यावर म्हणाले, “बात तो मज़ेदार है, बहनजी. मगर स्कूल हिंदी का है. चौथी में सवाल कौन समझाएगा इसको? बाक़ी बच्चे रुकेंगे क्या?” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दिवाळीपर्यंत मी दुसरीत, बाईंच्या वर्गात बसावं आणि सुट्टीनंतर ते पुन्हा परीक्षा घेतील, असं ठरलं.

वडिलांना ते पटलं नाही. तिसरी पास झालेल्या मुलीला दुसरीत बसवतात म्हणजे आपल्याला कुणी तरी खाली ढकललं, असं त्यांना वाटलं. घरी पोचेपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं की दिवाळीला मामा येईल तेव्हा मला त्याच्याबरोबर गावी पाठवायचं. गावच्या शाळेत मी सरळ चौथीत बसले असते.

आम्ही तेव्हा मजुरांच्या कॅम्पात झोपडीत राहत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई छत्री टेकत तिथे आल्या. त्यांना पत्ता कुणी दिला माहीत नाही. वाटेत चिखल होता आणि त्यांच्या चपला हातात होत्या.

“जयभीम, दादा.”

“जयभीम. या बाई, बसा. अवं, चहा ठेव.” वडिलांनी आईला सांगितलं.

“चहा मंग घेतो. पोरीले गावाले कावून पाठवून राहिले?”

“इथं दुसरीत बसवून राहिले ना तिले. लहान्या लहान्या पोट्ट्याइत उंटावाणी दिसते.”

“दिसू द्या. गावची शाळा कितवीलोक आहे?”

“चौथीलोक.”

“अन् मंग पाचवी?”

वडिलांनी आईकडे पाहिलं. चुलीतलं लाकूड आत सरकवत आईच म्हणाली, “पाचवी नदीच्या पलीकडं आहे. पोरी नाही जात तिकडं.”

“मंग पाचवीचं काय?” बाईंनी पुन्हा वडिलांनाच विचारलं.

“पाहू ना.”

“हे ‘पाहू’ मले चांगलं माहीत आहे, दादा. ‘पाहू’ म्हणजे दुसऱ्याच्या वावरात निंदण. माह्या दोन्ही बहिणी ‘पाहू’मध्येच गेल्या.”

“तुमी लय बोलता, बाई.”

“मले बोलाचाच पगार भेटते. दिवाळीलोक पोरगी मले द्या. दिवाळीनंतर चौथीत नाही बसली तं मीच तिले गाडीत बसवून देईन. तिकीट दाखवाले येईन तुमाले.”

वडील हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. चहा पिऊन बाई निघून गेल्या. माझ्याशी त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. माझ्यापुढे मात्र आता गोष्ट सरळ मांडलेली होती. दिवाळीनंतर चौथी मिळाली तर मॅट्रिकपर्यंतची वाट होती. नाही तर गावची चौथी आणि तिथेच पूर्णविराम.

बाईंच्या वर्गात मी शेवटच्या बाकावर बसत असे, कारण पुढे बसले तर मागच्यांना दिसत नसे. बाईंनी माझे लाड केले नाहीत. त्यांनी कुणाचेच केले नाहीत. कुणाच्या डोक्यावरून हात फिरवलेला मी पाहिला नाही. शाळेबाहेर मुलं त्यांना ओळखूही येत नसत. बाजारात मी नमस्कार केला तर ‘कोण गं तू?’ म्हणत आणि मी नाव सांगितलं की ‘हो, थे सात नव्वे!’ म्हणत. त्यांचं अक्षर वाईट होतं, फळ्यावरची ओळ उजवीकडे चढत जाई. पण तोंडी गणित सुरू झालं की त्या वेगळ्याच होत. दोन्ही हात पाठीमागे बांधून बाकांच्या मधून भराभर चालत आणि कुणाच्याही समोर अचानक थांबत.

पाढे पाठ झालेच पाहिजेत, याबाबत त्या जुन्या वळणाच्या होत्या. “पाढा म्हणजे घरची वाट. अंधारात, झोपेत, तापात, कशीही चालता आली पाहिजे. बाकीच्या वाटा डोळे उघडे ठेवून चाला.” सकाळी पहिला तास पाढ्यांचा. पण पाढे म्हणताना मध्येच त्या पोरांना थांबवत. “छह सत्ते बयालीस. अच्छा, अब जो बच्चा छह अठ्ठे भूल गया, वह क्या करे? रोए?” कुणी तरी म्हणे, बयालीस में छह जोड़े. “हाँ. भूल गया तो पड़ोसी से पूछे. पाढ्यात सगळे शेजारी शेजारी राहतात.” पाचाचा पाढा हा दहाच्या पाढ्याचा अर्धा आणि नवाचा पाढा दहाच्या पाढ्यातून एकेक काढलेला, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. गावी मी ते तीनही पाढे घडाघडा म्हणत होते. त्यांचं एकमेकांशी काही नातं आहे असं कुणी सांगितलं नव्हतं.

मला हिंदी आकडे शिकवताना त्यांनी सुरुवात केली ती एकोणपासून. “एकोणवीस म्हणजे काय व?”

“एकोणवीस म्हणजे एकोणवीस.”

“नाही. एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. विसाले एक कमी. त्याच्या नावातच रस्ता लिहून आहे अन् तू थो वाचत नाही. एकोणवीस सक किती?”

एकोणिसाचा पाढा मला येत नव्हता. मी तसं सांगितलं.

“कोण मागून राहिलं एकोणिसाचा पाढा? विसाचा म्हण. वीस सक?”

“एकशेवीस.”

“तू सहा वेळा एक-एक जास्त घेतला. परत कर.”

“एकशे चौदा.”

“मंग? हिंदीवाले बी तेच म्हणतात. उन्नीस, उनतीस, उनतालीस. ऊन आहेच, फक्त ‘एक’ गिळून टाकला.”

असं करत आम्ही पुढे गेलो. उनचास, उनसठ, उनहत्तर. एकोणऐंशीला उनासी आणि इथपर्यंत दोन्ही भाषा बरोबर चालल्या. पण एकोणनव्वदला हिंदी वेगळ्या वाटेनं गेली, नवासी. उनासी आणि नवासी यांत मी कितीदा फसले असेन. बाई म्हणत, “नवासीत हिंदी ऐंशीहून वर चढली अन् मराठी नव्वदाहून खाली उतरली. दोघी एकाच पायरीवर भेटल्या. तू पायरी पाय, नाव नको पाऊ.” एकदा मी विचारलं, मग मराठीत शंभराला एक कमी म्हणजे एकोणशंभर का नाही, नव्याण्णव का? बाई चालता चालता थांबल्या. “मले नाही माहीत,” म्हणाल्या. “तुले समजलं तं मले सांगजो.” शिक्षिकेला एखादी गोष्ट माहीत नसते आणि ती तसं वर्गात म्हणू शकते, हे मला नवीन होतं. मला ते अजूनही समजलेलं नाही.

माझ्या शेजारी बुधियारिन नावाची मुलगी बसे. तिचे आईवडील जवळच्या खेड्यातले, त्यांची जमीन कारखान्यात गेली होती. त्यांच्या घरी विसाच्या हिशेबानं मोजत. वीस म्हणजे एक कोरी. एकदा बाईंनी तिला तीन वेळा एकोणीस विचारले. बुधियारिन लाजत म्हणाली, “तीन कोरी मा तीन कम, बहनजी.” बाईंनी टाळी वाजवली. त्यांनी टाळी वाजवलेली मला तेवढी एकच आठवते. “सुनो सब! इसके घर में उन्नीस का रास्ता पहले से बना हुआ है. सत्तावन बोलना है, वह बाद में सीख लेगी.” त्यानंतर बाई स्वतःही कधी कधी कोरीत विचारू लागल्या आणि पंजाबी पोरंसुद्धा कोरी कोरी करू लागली.

दिवाळी जवळ आली तसा माझा एक अडसर बाईंच्या ध्यानात आला. प्रश्न हिंदीत ऐकायचा, मनात मराठी करायचा, मराठीत गणित करायचं आणि मग उत्तर हिंदीत फिरवायचं, यात मला वेळ लागे. मी हिंदीतच मोजायचा प्रयत्न केला तर सगळं चुके. मला वाटलं बाई रागावतील. त्या म्हणाल्या, “मराठीतच कर. घराले दोन दारं असतात. एका दारातून हिंदी आत येऊ दे, दुसऱ्या दारातून हिंदी बाहेर जाऊ दे. मधल्या खोलीत तू कोणत्या भाषेत बसून राहिली, थे कोणालेच दिसत नाही. फक्त दारं खटाखट उघडाले शिक.” मग त्या मला दारं उघडण्याचा सराव देऊ लागल्या. त्या नुसता आकडा म्हणत आणि मी दुसऱ्या भाषेत म्हणायचा. तिरसठ, त्रेसष्ट. पंचाहत्तर, पचहत्तर. गणित काहीच नाही, नुसती दारांची उघडझाप. शाळा सुटल्यावर त्यांच्या क्वार्टरच्या ओट्यावर त्या भाजी निवडत आणि मी आकडे फिरवत बसे. त्यांचे थोरले भाऊ कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते आणि बाई त्यांच्याकडेच राहत. लग्न केलं नव्हतं. भाऊ ड्यूटीवरून येऊन म्हणत, “अवं, मोजून मोजून पोरीचं डोकं रिकामं करशीन.” बाई म्हणत, “रिकामं असंल तं जागा होईन. तुह्यासारखं भरलेलं कोणाले पाहिजे?”

दिवाळीला मामा आला. सुट्टी संपली तरी तो परत जायचा थांबला, कारण मला न्यायचं की नाही हे परीक्षेवर ठरणार होतं. माझी कपड्यांची पिशवी आईनं भरून ठेवली होती आणि ती तिनं माझ्यासमोर भरली नाही, एवढं मला आठवतं.

परीक्षेला बडे गुरुजी खुर्चीवर, मी उभी. वडील पुन्हा दाराशी. बाई या वेळी खोलीत नव्हत्या, व्हरांड्यात उभ्या होत्या आणि त्यांची पाठ आमच्याकडे होती.

“उनासी में दस?”

“नवासी.”

“छियानवे में से अट्ठाईस निकालो.”

मी अठ्ठावीसवरून वर चढले. दोन घेतले, तीस. तिथून शहाण्णवपर्यंत साठ आणि सहा, सहासष्ट. मग दोन मिळवले. “अड़सठ.”

“पच्चीस के सोलह?”

“चार सौ.”

त्यांनी मान वर केली. “सोलह का पहाड़ा आता है?”

“नहीं. पच्चीस चौके सौ. सोलह में चार चौके. तो चार सौ.”

ते ‘हूँ’ म्हणाले आणि खिशातला खडू काढून परत ठेवला. “अच्छा, आख़िरी. ढाई दर्जन केले, तो कितने केले?”

दर्जन मला माहीत होतं. केळी माहीत होती. पण ढाई हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. बाईंनी मला शंभरपर्यंतचं सगळं शिकवलं होतं. अपूर्णांकांची हिंदी नावं राहून गेली होती, किंवा त्यांना ती सुचलीच नव्हती. दहा असेल का? अडीच वाटलं नाही, अडीच कुठे आणि ढाई कुठे. मी व्हरांड्याकडे पाहिलं. बाई वळल्या नाहीत. वडिलांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. मला ‘बारा दाहे’ मनात येऊन गेलं आणि एकशे वीस ओठांवर आलं. ते तसंच धरून ठेवलं आणि म्हटलं, “गुरुजी, ढाई किसको बोलते हैं?”

बडे गुरुजी म्हणाले, “दो और आधा.”

“तीस.”

त्यांनी मान डोलावली. मग दाराकडे वळून वडिलांना म्हणाले, “बैठा दीजिए चौथी में. कल से.”

व्हरांड्यात बाई मला म्हणाल्या, “ढाई शिकवाचं राहिलं.” त्यांचं तोंड जरा उतरलेलं होतं. मग म्हणाल्या, “पण विचारलं थे बरं केलं. अंदाजानं उत्तर बरोबर आलं असतं ना, तरी मी तुले गाडीत बसवलं असतं.” वडील जवळ येऊन उभे राहिले. “बसली चौथीत,” एवढंच म्हणाले. बाई म्हणाल्या, “हो. माह्या वर्गातला उंट गेला, दादा.” तेव्हा मात्र वडील मोठ्यानं हसले. मामा संध्याकाळच्या गाडीनं एकटा गेला.

पुढे आम्हालाही सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं आणि माझी धाकटी बहीण शकुन तिथे वाढली. मी आठवीत असताना बाईंच्या भावाची बदली राजहऱ्याच्या खाणीवर झाली. कारखान्याचा लोखंडी दगड तिथून येई. बाईंनी तिथल्या शाळेत नोकरी घेतली. जाताना त्या कुणाच्या घरी निरोप घ्यायला गेल्या नाहीत. शनिवारी वर्ग घेतला आणि सोमवारी दुसऱ्या बहनजी आल्या. मला आधी वाईट वाटलं आणि मग वाटलं की बाई अशाच जाणार होत्या.

मी मॅट्रिक झाले, दुर्गच्या कॉलेजात गेले. मधल्या काळात आई बांधकामाच्या फळीवरून पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. ती चालू लागली, पण ओझं उचलणं बंद झालं. घरचं काम कुणी करायचं असा प्रश्न आला, तेव्हा सातवीतल्या शकुननं शाळा सोडली. ते कुणी ठरवलं असं नाही. मी कॉलेजात होते, शकुन घरात होती, आणि भाकरी रोज थापावी लागे.

बी. ए.चा निकाल लागला त्या आठवड्यात मी दुर्गहून बसनं राजहऱ्याला गेले. आमच्या सगळ्या गणगोतात पदवी मिळवलेलं कुणीच नव्हतं. ही बातमी पहिल्यांदा बाईंना सांगावी असं मला मनापासून वाटत होतं. बाई शाळेसमोरच्या झाडाखाली भेटल्या. केस पांढरे झाले होते, छत्री तीच किंवा तशीच. त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, मग ओळखलं.

“बाई, मी बी. ए. झाले. आमच्या घरातली मी पहिलीच.”

“बरं झालं.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुही धाकटी होती ना एक? कितवीत आहे?”

मी आईचं सांगितलं. शकुनचंही.

खाणीकडून येणारी लाल धूळ त्यांच्या चपलांवर बसत होती. मग त्या म्हणाल्या, “मंग पहिली कावून म्हणून राहिली? दुसरी असंल तं पहिलीले पहिली म्हणतात. दुसरीच नसंल तं थो नुसता एक आहे.” त्यांचा आवाज रागाचा नव्हता. फळ्यावरची बेरीज चुकली की त्या जशा सांगत, तसंच सांगितलं. “जाय. बस चुकन तुही.”

त्या जूनमध्ये शकुनचं नाव पुन्हा सातवीत घातलं. वर्गातल्या मुलींपेक्षा ती दोन वर्षांनी मोठी होती. वडील ‘लोक काय…’ म्हणाले आणि तिथेच थांबले. आई म्हणाली, “मी बसल्या बसल्या भाकरी थापीन. जाऊ द्या तिले.” मला कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी लागली होती, सकाळची धुणीभांडी मी उरकून जात असे. रात्री शकुनला मी गणित शिकवू लागले, तेव्हा तिची पद्धत बघून कळलं की ती सगळं पाठ करत होती. ती सवय सुटायला वेळ लागला.

राजहऱ्याच्या त्या भेटीनंतर दुसऱ्याच वर्षी बाई काविळीनं गेल्या. त्यांच्या भावानं कळवलं तोवर सगळं उरकलं होतं. शकुनचं पुढे काय झालं ते त्यांना समजलं नाही. मी पत्र टाकायचं म्हणत होते, पण निदान मॅट्रिकचा निकाल तरी लागू दे, असं म्हणत राहिले.

शकुन बी. एस्सी. झाली त्या दिवशी शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका घरी आल्या. वडील निवृत्तीला आले होते, ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. कुणी तरी विचारलं, “इनमें से कौन-सी ग्रैजुएट हुई, दादा?”

वडिलांनी आधी माझ्याकडे बोट केलं. “ये पहली.” मग शकुनकडे. “और ये दूसरी.”